शॉवरची काच: पारदर्शक की दुधी?

प्रश्न: आमच्या घराच्या दुरुस्तीचे काम सुरू आहे आणि स्नानगृहातील शॉवरची जागा काचेने वेगळी करायची आहे. घरात आम्ही दोघे, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासूबाई अशी चार माणसे असून स्नानगृह एकच आहे; बेसिनही त्यातच आहे. पारदर्शक काचेने लहान जागा मोठी वाटते, असे इंटिरियर डिझायनर सांगतात. मुलीला दुधी, म्हणजे फ्रॉस्टेड काच हवी आहे. माझ्या पतींना वाटते की दुधी काचेने अंधार होईल आणि ती लवकर मळेल. आपण काय सुचवाल?

उत्तर: आपल्या घरात स्नानगृह एकच आहे आणि सकाळच्या घाईत एकाची अंघोळ चालू असताना दुसऱ्याला बेसिनपाशी यावे लागणार आहे, म्हणून मुलीच्या म्हणण्याला मी सर्वांत अधिक वजन देईन. स्नानगृह एकाच माणसाच्या वापरात असते, तर डिझायनरांशी मी सहज सहमत झालो असतो. काचेच्या पलीकडे कोण उभे असणार, हे आधी ठरले की बाकीचा विचार सोपा होतो.

अंधाराची भीती मात्र आपल्या पतींनी मनातून काढून टाकावी. दुधी काच प्रकाश अडवत नाही, तर विखुरते. तिच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म खाचखळग्यांमुळे किरण सरळ न जाता सगळ्या दिशांना पांगतात, त्यामुळे पलीकडची आकृती पुसट होते. आत पोहोचणारा उजेड मात्र पारदर्शक काचेपेक्षा थोडाच कमी असतो आणि तो एका जागी न पडता सगळीकडे सारखा पसरतो. लहान स्नानगृहात असा मऊ उजेड डोळ्यांना सुखावह वाटतो, असा माझा अनुभव आहे.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. काच ठरवण्यापूर्वी विक्रेत्याकडून दुधी काचेचा हातभर नमुना मागून घ्या आणि त्यामागे छापील कागद धरा. कागद काचेला टेकलेला असेल, तर अक्षरे वाचता येतात. तो वीतभर मागे नेला की अक्षरे विरून नुसता करडा डाग उरतो. अंघोळ करणाऱ्या माणसाचेही असेच होते. तो काचेला खेटून उभा राहिला, तर बाहेरून त्याची आकृती बरीच स्पष्ट दिसते आणि दोन पावले मागे सरकला, तर ती विरघळते. म्हणून शॉवरचा नळ अशा भिंतीवर घ्यावा की, उभे राहण्याची जागा काचेपासून दूर पडेल. दिवा शॉवरच्या आत आणि बाहेर अंधार, अशी रचनाही टाळावी, कारण मागून उजेड आला की दुधी काच पडद्यासारखी होते आणि तिच्यावर सावली स्वच्छ उमटते. बेसिनच्या बाजूला एक चांगला दिवा असला की ही अडचण पुष्कळ कमी होते.

त्याच नमुन्याच्या खरखरीत बाजूवर ओले बोट फिरवून पाहा. बोट जिथून गेले तिथे काच पारदर्शक झालेली दिसेल. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशकिरण वाकवण्याचे माप, सुमारे 1.5, पाण्याचा 1.33 आणि हवेचा 1 असतो. खाचांमध्ये हवेऐवजी पाणी भरले की काच आणि पाणी यांतील फरक लहान उरतो, किरण फारसे विखुरत नाहीत आणि आरपार दिसू लागते. याचा अर्थ असा की, दुधी केलेली बाजू शॉवरकडे आली, तर नेमकी गरज असते तेव्हाच आडोसा नाहीसा होतो. ही बाजू नेहमी कोरड्या अंगाला, म्हणजे बाहेरच हवी. कारागिराला हे तोंडी सांगून थांबू नका. मापाच्या कागदावर लिहून द्या, कारण बिजागऱ्यांची भोके आणि खाचा त्याच हिशोबाने पाडल्या जातात.

दुधी काच सगळीकडे एकसारखी नसते, हेही लक्षात घ्यावे. दाबाखालच्या हवेने वाळूसारखे कण मारून, म्हणजे सँडब्लास्ट करून, ती तयार केलेली असेल, तर पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि हाताचे तेल, साबण, धूळ सगळे त्यात मुरते. आम्लाची प्रक्रिया केलेली काच हाताला रेशमी लागते, तिच्यावर बोटांचे ठसे कमी उठतात आणि ती पुसायलाही सोपी जाते. आपल्या पतींनी कुठेतरी पाहिलेली मळकट काच बहुधा पहिल्या प्रकारची असावी. शॉवरसाठी मी नेहमी आम्लाने केलेल्या काचेचाच आग्रह धरतो.

मळण्याच्या बाबतीत पारदर्शक काचही काही सोवळी नाही. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळला की पाणी उडून जाते आणि क्षारांचा पांढरा ठिपका मागे राहतो. वडीच्या साबणाचा या क्षारांशी संयोग होऊन जो चिकट थर बसतो, तो त्याहून चिवट. पारदर्शक काचेवर हे सारे दुसऱ्याच दिवशी दिसते. दुधी काचेवर ते महिनोन् महिने लपून राहते आणि लक्षात येते तोवर थर पक्का झालेला असतो. काच कोणतीही घेतली, तरी अंघोळ आटोपल्यावर रबरी वायपर वरून खाली फिरवायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावावी लागेल. या कामाला अर्धा मिनिट पुरतो. घरात हे कोणीच करणार नसेल, तर पारदर्शक काचेचा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टच सांगतो.

आपल्या घरासाठी माझी सूचना अशी की, काच पूर्ण दुधी न करता तिच्यावर मधला रुंद पट्टा दुधी करून घ्यावा: जमिनीपासून साधारण 40 सेंटिमीटरवर सुरू होऊन 180 सेंटिमीटरपर्यंत जाणारा. खालचा भाग पारदर्शक राहिल्याने जमिनीच्या फरशा सलग दिसतात, आणि जागा मोठी वाटण्याचे रहस्य पुष्कळसे या सलगपणातच असते. त्यामुळे डिझायनरांचाही मुद्दा राखला जाईल. सासूबाईंच्या दृष्टीने तर हा पारदर्शक भाग मला फार मोलाचा वाटतो. त्या आत असताना त्यांची पावले बाहेरून दिसत राहतील आणि तोल जाऊन त्या खाली बसल्या, तर हाक मारून उत्तराची वाट पाहण्यापूर्वीच घरच्यांना कळेल. त्यासाठीच दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडणारा हवा. आत उघडणाऱ्या दरवाजामागे माणूस पडला, तर दार लोटता येत नाही. दुधी पट्ट्याचा आणखी एक फायदा असा की, चष्मा काढून ठेवलेल्या वृद्ध माणसाला काच कुठे आहे ते दिसते. अगदी स्वच्छ पारदर्शक काचेवर डोके आपटण्याचा धोका असतो.

काच टफन्डच असावी, याबाबत तडजोड नको. ही काच 600 अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते; ती तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते आणि फुटलीच, तर लांब धारदार सुऱ्यांऐवजी तिचे लहान बोथट तुकडे होतात. मात्र एकदा टफन केल्यावर ती कापता येत नाही किंवा तिला भोकही पाडता येत नाही, म्हणून माप भिंतीच्या फरशा बसून झाल्यावरच घ्यावे. दुधी करण्याचे कामही आधीच झालेले बरे. दोन मीटर उंच आणि 90 सेंटिमीटर रुंद काच 8 मिलिमीटर जाडीची असेल, तर तिचे वजन 36 किलो भरते, 10 मिलिमीटरची असेल, तर 45 किलो; बिजागऱ्या आणि भिंत हे वजन पेलतील ना, हे कारागिराला विचारून घ्या.

प्रश्न: आमच्या शॉवरची दुधी काच काही वर्षांपूर्वी बसवली. अंघोळीच्या वेळी ती आरपार दिसते आणि हात लागलेल्या जागी काळपट डाग राहतात. काच बदलावी लागेल का?

उत्तर: वर्णनावरून काच सँडब्लास्ट केलेली आणि तिची खरखरीत बाजू आत बसवलेली वाटते. दोन्ही बाजूंवर नख फिरवून खात्री करून घ्या. तो भाग नुसता स्थिर तावदान असेल आणि त्याला भोके नसतील, तर सिलिकॉन कापून कारागीर तो उलटा बसवू शकतो. दरवाजाच्या बाबतीत हे बहुधा जमत नाही. तूर्त तेलकट डागांसाठी भांड्यांचा द्रव साबण आणि मऊ स्पंज वापरा. पांढऱ्या थरासाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात मिसळून पाच-दहा मिनिटे राहू द्या आणि भरपूर पाण्याने धुवा. जवळ संगमरवर असेल, तर त्यावर व्हिनेगर पडू देऊ नका, कारण त्याने दगडाची झिलई जाते. तारेची घासणी आणि खरखरीत पावडर कटाक्षाने टाळावी.

प्रश्न: पारदर्शक काच बसवून झाली आहे, पण आता आडोसा हवासा वाटतो. काही उपाय आहे का?

उत्तर: आहे, आणि तो सोपा आहे. दुधी फिल्म काचेच्या बाहेरच्या, कोरड्या राहणाऱ्या बाजूने लावून घ्या. आधी काच पूर्ण निर्मळ करा, कारण केसाचा एक तुकडा राहिला, तरी तिथे बुडबुडा कायमचा उभा राहतो. साबणाचे दोन-चार थेंब घातलेले पाणी काचेवर फवारले की फिल्म सरकवून जागेवर आणता येते. नंतर मधून कडांकडे वायपर ओढत पाणी बाहेर काढायचे. फिल्म काचेच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत कापावी, म्हणजे येता-जाता टॉवेल लागून तिचे कोपरे उचकटत नाहीत.