सुगरणीचा खोपा विणतो तो नर

तुम्ही विचारलंय, प्राणी-पक्ष्यांबद्दलची अशी कोणती गोष्ट आहे जी कळल्यावर आजवर आपण उलटंच समजत होतो असं वाटलं? माझं उत्तर आहे, सुगरण पक्षी.

हाताला चव असलेल्या, कामात नीटनेटक्या बाईला आपण सुगरण म्हणतो. पक्ष्यालाही तेच नाव, म्हणून खोपा मादीच विणते असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. आमच्या शेतात विहिरीवर एक बाभूळ वाकलीये, तिला दर पावसाळ्यात खोपे लटकतात. एका जुलैत आठवडाभर रोज सकाळी विहिरीच्या कठड्याजवळ बसले, तेव्हा कळलं की चोचीत पातं घेऊन येणारा प्रत्येक पक्षी हळदीसारख्या पिवळ्या डोक्याचा होता. तो नर. मादी दिसायला चिमणीसारखी, मातकट.

त्याची पातं काढायची रीत बघण्यासारखी आहे. भाताच्या किंवा उंच गवताच्या पात्याला कडेला चोचीने खाच पाडायची, तिथली कड घट्ट धरायची आणि सरळ उडायचं. उडतानाच लांब पट्टी सोलून निघते, वीतभरापासून दोन फुटांपर्यंत. एका खोप्यासाठी अशा पाचशेपर्यंत खेपा होतात. आधी फांदीला गाठी मारून गोल कडं, मग त्यावर छप्पर. हे सगळं चोचीने. साधारण आठ दिवसांत खोपा उलट्या टोपासारखा दिसायला लागतो, मधे एक आडवी दांडी असते. आणि इथे तो काम थांबवतो!

कारण आता माद्या घर बघायला येतात. त्या आल्या की सगळे नर आपापल्या खोप्याला उलटे लटकून पंख फडफडवत ओरडायला लागतात, झाडावर नुसता कल्ला. मादी आत शिरते, दांडीवर बसते, इकडेतिकडे चोच लावते. पसंत पडलं तर नर पुढचं बांधकाम घेतो: एका बाजूला अंड्यांची खोली, दुसऱ्या बाजूला खाली उतरणारी लांब नळी. आतल्या बाजूचा शेवटचा हात मादीही फिरवते. पसंत नाही पडलं तर खोपा तसाच अर्धवट राहतो. अर्धवट खोपे नर झोका घ्यायला बांधतो असं आमच्याकडे सगळे सांगतात. त्यातले बरेचसे खरं तर नाकारलेले असतात, हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

विणकामापेक्षा मादी जागेला जास्त महत्त्व देते, असं अभ्यासकांना दिसलंय. काटेरी झाड, खाली पाणी, उंच फांदी. खोपे बहुतेक वेळा झाडाच्या पूर्वेकडे असतात, कारण आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. आमच्या बाभळीवरही तसंच आहे.

अंडी घातली की नर तिथे फार रमत नाही. तो दुसरा खोपा घेतो, दुसरी मादी बघतो. अंडी उबवणं तिच्या एकटीकडे, जवळपास पंधरा दिवस. ही एकामागून एक घरं मांडायची पद्धत सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला राहत असताना पक्की टिपली. घराजवळच्या झाडांवरच सुगरणींची वसाहत होती. 1930च्या सुमारास त्यांचा तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पक्षीतज्ज्ञ म्हणून त्यांची ओळख झाली. मुंबईहून मांडव्याला बोटीने उतरलं की किहीम अगदी जवळ आहे, म्हणून मला या गोष्टीचं जास्त कौतुक वाटतं.

आणखी एक. खोप्यात चिखलाचे गोळे लिंपलेले असतात, त्यात उजेडासाठी काजवे चिकटवतात असं माझी आजी सांगायची. चिखल खरा आहे, तो मी खाली पडलेल्या खोप्यात बोटाने चाचपून पाहिलाय, वाळून खडखडीत झालेला. काजव्यांच्या दिव्याची मात्र दंतकथाच.

म्हणून एक कळकळीची विनंती: दिवाणखान्यात टांगायला खोपा तोडू नका. सुगरणींचा हंगाम संपला तरी तो रिकामा असेलच असं नाही. मुनिया नावाचे छोटे पक्षी त्यात राहायला येतात. गेल्या थंडीत आमच्या बाभळीवरच्या एका जुन्या खोप्याच्या तोंडातून मुनियेचं डोकं बाहेर आलेलं मी स्वतः पाहिलं.