'फिरकी वाहतूक' म्हणावं का?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: शाळेतल्या विज्ञानाच्या भित्तिपत्रकावर 'स्पिन ट्रान्स्पोर्ट इन टोपोलॉजिकल इन्सुलेटर्स' हा विषय मांडायचा आहे, त्याला 'संस्थितीय दुर्वाहकांतील फिरकी वाहतूक' असा मथळा दिला तर चालेल का?

बाई, 'संस्थितीय' तेवढं ठेवा. बाकीचे तिन्ही शब्द मी बदलीन.

आधी 'फिरकी'. हा शब्द ऐकला की फिरकीचा तांब्या आठवतो, फिरकी गोलंदाज आठवतो, मुलांच्या हातातला भोवरा आठवतो. भोवरा जाळीतून सुटला की गरगरतो, मग डुगडुगतो आणि आडवा होतो. इलेक्ट्रॉनचा स्पिन हा विद्युतभारासारखाच त्याच्या अंगचा गुण आहे. तो कधी मंदावत नाही आणि कोणाला थांबवताही येत नाही. १९२५ साली ऊलेनबेक आणि गाउडस्मिट या भौतिकशास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली, तेव्हा स्वतःभोवती फिरणारा इलेक्ट्रॉनच त्यांच्यापुढे होता. पण हिशेब केला तर अशा गोळ्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा जास्त वेगाने फिरायला हवा, आणि ते शक्य नाही. ते चित्र मागे पडलं, नाव मात्र चिकटलं. 'परिवलन' घेतलं तरी हीच अडचण, कारण मुलांना भूगोलातलं पृथ्वीचं परिवलन पाठ असतं. म्हणून सरळ 'स्पिन' लिहा, पुल्लिंगी: इलेक्ट्रॉनचा स्पिन वर, इलेक्ट्रॉनचा स्पिन खाली.

'वाहतूक' म्हटलं की काहीतरी माल, कुठलंतरी वाहन इकडून तिकडे गेलं असं वाटतं. इथे गंमत वेगळी आहे. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट घ्या. समजा, पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर भाजीची भरलेली पाटी आहे आणि तितकीच माणसं रिकाम्या पाट्या घेऊन परत येताहेत. दोन्ही काठांवरची माणसं मोजली तर होती तेवढीच, पण भाजी नदीपार झाली! संस्थितीय पदार्थाच्या पातळ थराच्या एका कडेला असंच घडतं. 'वर' स्पिनचे इलेक्ट्रॉन एका दिशेने जातात, 'खाली' स्पिनचे तितकेच उलट दिशेने. विद्युतभाराची बेरीज-वजाबाकी शून्य, तरी स्पिन पलीकडे पोचतो. तापलेल्या सळईतून उष्णता पुढे सरकते तिला आपण उष्णतावहन म्हणतोच. त्याच चालीवर 'स्पिनवहन' सहज बसतं.

आता 'दुर्वाहक'. दुर्वाहक म्हणजे वाईट वाहक, आणि इथे कडा तर उत्तम वाहक आहे. आतून अडवणारा तो 'विद्युतरोधक' म्हणा, आणि खाली एक ओळ जरूर घाला: 'आतून रोधक, कडेने वाहक'. त्या ओळीवाचून मथळा मुलांना कळणार नाही. जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये २००७ साली मर्क्युरी टेल्युराइडच्या पातळ थरात ही वाहणारी कडा प्रयोगाने दिसली. बिस्मथ सेलेनाइडसारख्या जाड पदार्थात कडेच्या जागी सगळा पृष्ठभाग वाहतो.

'संस्थितीय' का ठेवा म्हणालो तेही सांगतो. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोकं चिकटवा. कात्री लावल्याशिवाय तो पीळ निघत नाही. या पदार्थाच्या आतल्या ऊर्जापट्ट्यांतही, म्हणजे इलेक्ट्रॉनला ज्या ऊर्जा घेता येतात त्यांच्या पट्ट्यांतही, असाच न सुटणारा पीळ असतो. बाहेरच्या हवेत तो नसतो, म्हणून हद्दीवर तो सुटावाच लागतो आणि तिथे प्रवाहाला वाट मिळते. हे सगळं आकाराच्या गणिताचं देणं आहे, ते नावातून गाळू नये.

तेव्हा मथळा असा करा: 'संस्थितीय विद्युतरोधकांतील स्पिनवहन'.

फेरीबोटीचं चित्र काढणार असाल, तर एक जपा. भरल्या पाटीचा माणूस मध्येच तोंड वळवून परत फिरलेला दाखवू नका. कडेवर दिशा आणि स्पिन एकमेकांना बांधलेले असतात. परतायचं तर स्पिन उलटावा लागतो, आणि साधी, चुंबकीय नसलेली अशुद्धी वाटेत आली तर ती एकट्या इलेक्ट्रॉनला तसं करायला लावू शकत नाही. परतीच्या प्रत्येक पाटीचा तळ दिसू द्या.