राजीनाम्याआधी, सोडून गेलेल्यांना फोन करा

हिंजवडीत साडेतीन वर्षं झाली, हातात ३० टक्के वाढीची ऑफर आहे आणि मॅनेजर म्हणतोय ‘थांब, पुढच्या अप्रेझलला बघू’, असं तुम्ही लिहिलंय. मी अगदी याच वळणावर होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पगार, भाडं, ट्रॅफिकचं गणित तुम्ही मांडलंच असेल. माझ्या मते पोरं नुसत्या पैशासाठी सोडत नाहीत. वर्षानुवर्षं एकाच सपोर्ट प्रोजेक्टवर तिकिटं (ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी) बंद करायला बसवलं, रजा मागितली की तोंड वाकडं केलं, की मन उडतं. थांबतात ती बहुधा एखादा सिनियर मनापासून शिकवतो म्हणून.

पण कंपनी खरी कळते ती राजीनामा दिल्यावर. माझ्या तेव्हाच्या कंपनीने (नाव नको) ९० दिवसांची नोटीस पुरी करून घेतली, लॅपटॉप, आयडी कार्ड जमा करून घेतलं आणि रिलीव्हिंग लेटर (कंपनीने कामातून मोकळं केल्याचं पत्र) अडवलं. एचआर म्हणे, अकाउंट्सचं नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) आलं नाही. अकाउंट्स म्हणे, एचआरने फाइलच पाठवली नाही. त्यात पीएफ पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही, म्हणून पीएफ ट्रान्सफर होईना. नव्या कंपनीचा व्हेरिफिकेशनसाठी तगादा सुरूच. शेवटी राजीनामा स्वीकारल्याची मेल आणि सॅलरी स्लिपांवर निभावलं. इमानेइतबारे काम केलेल्या माणसाला जाताना असं ताटकळत ठेवतात, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून तुमच्या टीममधून अलीकडे सोडून गेलेल्या दोघातिघांना फोन करा. लेटर कधी मिळालं? फुल अँड फायनल, म्हणजे पैशाचा शेवटचा हिशेब, कधी झालं? उत्तरं चांगली आली तर अप्रेझलपर्यंत थांबायला हरकत नाही. टाळाटाळ ऐकू आली तर मॅनेजरच्या शब्दावरही विसंबू नका.

मी वकील नाही, सीएही नाही, तेव्हा खात्री करून घ्या. पण ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेला) साधारण ५ वर्षं सलग नोकरी लागते. महिन्याचा बेसिक पगार ४०,००० असेल तर ५ वर्षांचे सुमारे १ लाख १५ हजार होतात. साडेचार वर्षं झालेल्याने त्यासाठी थांबावं, तुम्ही दीड वर्ष अडकू नका. पीएफ काढू नका, ट्रान्सफरच करा. सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही तर पीएफच्या शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर आधार ओटीपीने स्वतः टाकता येते. आणि राजीनामा तोंडी नको, मेलवरच द्या, सीसीमध्ये स्वतःचा पर्सनल आयडी ठेवून. शेवटच्या दिवशी ऑफिसचा मेल बंद होतो.