पोरं गावच्याच शाळेत घाल

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर शेवटी तू विचारलंस, "मावशी, मुलांना गावच्या शाळेतून काढून शहरातल्या खासगी शाळेत घालू का?" मी तेव्हा "बघू" म्हणाले, कारण तुझा आवाज रडवेला झाला होता. पण यात बघण्यासारखं काही नाही. पोरं गावच्याच शाळेत घाल. का, ते लिहिते. मधेच आवाज चढला तर सांभाळून घे, या विषयावर मला शांत राहता येत नाही.

धाकटी वर्गात एक अक्षर बोलत नाही म्हणून तू हवालदिल झालीस. तीन वर्षांची आहे गं ती. घरी मराठी, इथे फ्रान्सच्या वर्गात फ्रेंच. आधी ऐकून घेणार, मग बोलणार. "तिला वर्षभर घरीच ठेवते" असं तू म्हणालीस, पण इथे २०१९ पासून तिसऱ्या वर्षीच शिक्षण सक्तीचं झालंय आणि घरी शिकवायचं तर २०२२ पासून सरकारची परवानगी लागते. म्हणजे शाळा आहेच, प्रश्न फक्त कुठली हा. गावच्या शाळेत एकाच खोलीत तीन इयत्ता बसतात याचं तुझ्या नवऱ्याला वाईट वाटतं. मला विचार. माझ्या मुलीला बुटाची नाडी बांधायला बाईंनी नाही शिकवलं, शेजारच्या बाकावरच्या आठ वर्षांच्या पोराने शिकवलं, गुडघ्यावर बसून, जीभ बाहेर काढून. तो पोरगा आज गावात गुरं पाळतो, आणि अजूनही तिला "छोटी" म्हणतो. हे पाऊण तास गाडी हाकून मिळत नाही.

शाळेच्या कँटीनमध्ये शाकाहारी मिळत नाही, हे कारण तर मला सांगूच नकोस. २०१८ च्या कायद्यापासून शाळांना आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण द्यावंच लागतं. बाकीच्या दिवशी काय करायचं ते स्वयंपाकीणबाईंना जाऊन विचार. तू गेलीस का एकदा तरी? नाही ना? सकाळी साडेआठला फाटकापाशी मुलांना सोडतेस आणि मान खाली घालून परत फिरतेस. आधी "बोंजूर" म्हण, थांब, हवापाण्यावर दोन शब्द बोल. फ्रेंच चुकलं तर चुकू दे. पोरं गावच्या शाळेत असली की आई आपोआप फाटकापाशी उभी राहते, आणि गाव बाईला तिथेच ओळखायला लागतं. शहरातल्या शाळेच्या दारात तू फक्त एक थांबलेली गाडी असशील.

आपल्या क्रझ जिल्ह्याचं तू काही ऐकलंयस का? १८५१ साली इथे २ लाख ८० हजारांहून जास्त माणसं होती, आज १ लाख २० हजारही नाहीत. हे कोकणातल्या माणसाला वेगळं समजावायला नको. इथले गवंडी वसंत ऋतूत पायी पॅरिसला जायचे, हिवाळ्याला परतायचे. मागे बायका, म्हातारी आणि शेती. आपले चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत गेले तसंच. त्यांच्यातलाच मार्तां नादो, १८३० मध्ये चौदा वर्षांचा असताना बापाबरोबर चालत निघाला. आजोबा आणि आई म्हणत होते, पोराला लिहायला वाचायला कशाला शिकवायचं? बाप हट्टाला पेटला. तोच गवंडी पुढे १८४९ मध्ये खासदार झाला. एका बापाचा गावातल्या शिकवणीसाठीचा हट्ट, एवढंच त्याच्यामागे होतं.

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या जाँत्यू गावाला एकदा जा. तिथल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकापाशी सैनिक नाही, एक अनाथ शाळकरी पोर उभं आहे. अंगात शाळेचा झगा, पायांत लाकडी बूट, हातात टोपी, मूठ आवळलेली. खाली लिहिलंय, युद्धाचा धिक्कार असो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मागे सरकले. या गावांनी आपलं दुःख मांडायला शाळेतलं पोर निवडलं, यावरून शाळा म्हणजे इथे काय आहे ते बघ.

गाव म्हणजे देवमाणसांची वस्ती असं मी म्हणत नाही. १९६२ नंतर हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ या फ्रेंच बेटावरची दोन हजारांहून जास्त मुलं सरकारने फ्रान्सच्या अशाच रिकाम्या होत चाललेल्या जिल्ह्यांत आणून सोडली, त्यांतली कितीतरी आपल्या क्रझमध्ये. काहींना शेतावर गड्यासारखं राबवलं. सरकारची नैतिक जबाबदारी संसदेने मान्य केली ती २०१४ मध्ये. तुझ्या मुलीच्याच रंगाची होती त्यांतली बरीच. त्यांच्यासाठी फाटकापाशी कुणी उभं नव्हतं. तुझ्या मुलांसाठी तू आहेस. म्हणूनच परत सांगते, गावच्याच शाळेत घाल, आणि फाटकापाशी उभी राहा.

दुसरं. तू दोन मुलं काढून नेलीस तर काय होईल याचा विचार केलास का? पुढच्या सप्टेंबरचे वर्ग हिवाळ्यातच ठरतात, पट मोजून. कमी पटाच्या शाळा बंद करण्याची भाषा आपल्याकडेही तू ऐकली असशील. आमचा वर्ग बंद होणार असं कळलं तेव्हा माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर आम्ही एक जुनी चादर पसरली आणि ट्रॅक्टरच्या लाल रंगाने तिच्यावर घोषणा लिहिली. तो रंग घेऊन आलेला शेतकरी त्याआधी माझ्याशी कधी बोलला नव्हता. त्या दिवशी रात्रीचं जेवून गेला, आमटी-भात. चादर शाळेच्या भिंतीवर झेंड्यासारखी महिनोन्महिने होती आणि वर्ग वाचला.

आता मला जे लोक म्हणतात तेही लिहिते, कारण तुझ्या कानावर ते येणारच. रत्नागिरीचे नातेवाईक म्हणतात, खेड्यातल्या शाळेत घालून हिने पोराचं वाटोळं केलं, इंजिनियर व्हायचा तो दगडं फोडतो. माझा मुलगा दगडी बांधकाम करतो. गावोगाव फिरून, जुन्या कारागिरांच्या हाताखाली शिकून तयार झालेला कारागीर आहे तो. अठराव्या शतकातली भिंत कशी पेलते ते त्याला कळतं. मी एका शब्दाने माघार घेणार नाही. त्याला हे गावच्या शाळेनेच दिलं, शाळेच्या मागच्या पडक्या कुंपणापाशी सुट्टीत खेळता खेळता.

खंत आहे ती वेगळीच. मराठी तो बोलतो, वाचत नाही. माझ्या आईची पत्रं अजून मीच त्याला वाचून दाखवते, आणि कधी कधी मधेच माझा आवाज जातो. पण हा दोष शाळेवर टाकू देणार नाही. गावची शाळा साडेचारला सुटते, पाच मिनिटांत पोर घरी येतं, सगळी संध्याकाळ आपली. ती तू वापर. बाराखडी घे, गोष्टी वाच, रोज. रोज दीड तास मोटारीत बसणाऱ्या पोराची संध्याकाळ कुठून आणशील? मराठी टिकवायची म्हणून शहरातली शाळा, हे तुझं म्हणणं मला उलटंच वाटतं.

आणि एक काम कर. आपण भारतीय नागरिक, मेअरच्या निवडणुकीत आपल्याला मत नाही. तुझ्या शेजारच्या डच बाईला युरोपीय संघातली म्हणून आहे, आपल्याला नाही, हे मला आजही झोंबतं. पण शाळेच्या पालक प्रतिनिधींची निवडणूक ऑक्टोबरमध्ये असते आणि तिथे कुणी नागरिकत्व विचारत नाही. मत आई-बाप दोघांनाही आहे, उभंही राहता येतं. तू उभी राहा. फ्रेंच येत नाही म्हणून मागे हटलीस तर मी ऐकणार नाही, सभेला तुझ्या शेजारी येऊन बसेन.

रविवारी दुपारी जेवायलाच या. येताना मुख्याध्यापिकाबाईंकडून उमेदवारीचा कागद घेऊन ये, आपण दोघी मिळून भरू. नवऱ्यालाही आण. त्या खासगी शाळेत त्याने आगाऊ पैसे भरले असतील तर ते परत कसे मागायचे, ते मी त्याच्याशी बोलते.

तुझी,
मावशी