मालिकेच्या नावाआधी गाडी पाहा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

लेट मॉडेलमधला, म्हणजे लहान ट्रॅकवरच्या मोटार शर्यतींमधला, तुझा दुसराच हंगाम चालू असताना आर्का या त्यावरच्या स्टॉक कार मालिकेसाठी एका संघाकडून बोलावणे आले, याचा आनंद आहेच. पण होकार कळवण्यापूर्वी गाडी कशी मिळणार, सरावाला किती दिवस मिळणार आणि मध्येच पैसे संपले तर काय, हे त्या संघाला स्पष्ट विचार.

अमेरिकन रेसर जॅनेट गथ्री यांचे उदाहरण मुद्दाम देतो. १९७६ मध्ये इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीसाठी त्यांच्या गाडीत पात्र ठरण्याइतका वेगच नव्हता, त्यामुळे ‘बाईला हे जमायचे नाही’ म्हणणाऱ्यांचे आयतेच फावले. मग नामांकित रेसर ए. जे. फॉइट यांनी आपली जादा गाडी सरावापुरती दिली आणि त्याच बाईंनी पात्रतेला पुरेल असा वेग काढून दाखवला. त्याच महिन्यात शार्लटच्या ६०० मैलांच्या स्टॉक कार शर्यतीत त्या १५व्या आल्या. पुढच्या वर्षी डेटोना ५०० मध्ये अखेरीस दोन सिलिंडर बंद पडूनही १२व्या आणि ब्रिस्टलला सहाव्या. एवढे करूनही प्रायोजकांअभावी नॅसकारच्या कप मालिकेतली (स्टॉक कारमधली सर्वोच्च मालिका) त्यांची कारकीर्द ३३ शर्यतींवर थांबली.

गथ्री भौतिकशास्त्राच्या पदवीधर होत्या आणि विमान उद्योगात अभियंता म्हणून काम केलेल्या. तुझ्याकडून पदवीची अपेक्षा नाही, पण गाडीची तक्रार अभियंत्याला उपयोगी पडेल अशी मांडता आली पाहिजे. रेडिओवर नुसते ‘टाइट आहे’ म्हणून भागत नाही; पुढची चाके वळणात शिरतानाच ऐकत नाहीत, मधोमध, की बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर, हे सांगितलेस तरच वेज (चाकांवरचा भार बदलणारा स्क्रू) फिरवायचा की टायरची हवा बदलायची, ते क्रू चीफला, म्हणजे गाडीच्या तांत्रिक प्रमुखाला, ठरवता येते. हे कान आणि ही जीभ लहान ट्रॅकवरच तयार होतात. रेसर डॅनिका पॅट्रिक यांनी २०१३ ची डेटोना ५०० पहिल्या स्थानावरून सुरू केली, तरी कप मालिकेत त्या एकदाही जिंकल्या नाहीत; इंडी कारमधून, म्हणजे उघड्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यतींतून, आल्यामुळे लहान ट्रॅकवरची ती वर्षे त्यांच्या गाठीशी नव्हती, हे मला त्याचे एक कारण वाटते.

मुलगी म्हणून कॅमेरे तुझ्याकडे लवकर वळतील, आणि वर ढकलण्याची घाई तुझ्यापेक्षा इतरांनाच जास्त असेल. आणखी एक हंगाम लेट मॉडेलमध्ये काढावा लागला तर खुशाल काढ.

करारात सरावाचे दिवस आकड्यात लिहून घे. मसुदा सही करण्यापूर्वी मला पाठव आणि तुझ्या बाबांनाही वाचायला दे, कारण अपघातात मोडलेल्या गाडीचा खर्च कोणी द्यायचा, हे कलम बहुधा त्यांच्याच खिशाला लागते.