वाचकांचे प्रश्न : औषध आतल्या कानापर्यंत पोहोचते कसे?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 42 वर्षांचा आहे. एके सकाळी उठल्यावर त्याला डाव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येईना. कान भरल्यासारखा वाटत होता आणि आत सारखी शिट्टी वाजत होती. सर्दीमुळे असेल असे समजून त्याने चार दिवस काढले. नंतर तज्ज्ञांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, आणि त्यांचा पुरेसा गुण आला नाही तेव्हा कानाच्या पडद्यातून तीन इंजेक्शने दिली. आता पूर्वीपेक्षा बरे ऐकू येते, तरी फोन त्या कानाला लावता येत नाही. पोटात घेतलेली गोळी अंगभर पोहोचते, मग कानालाच का पोहोचत नाही? आणि नॅनोकणांतून कानात औषध सोडण्याचे जे प्रयोग चालू आहेत, त्यांनी नेमके काय साधणार आहे?

उत्तर : गोळी कानापर्यंत पोहोचते, पण फार थोडी. ऐकण्याचे खरे काम करणारी कॉक्लिया ही गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची नळी असून ती शरीरातील सर्वांत टणक हाडांपैकी एका हाडात कोरल्यासारखी बसलेली असते. तिच्याकडे जाणाऱ्या केशवाहिन्यांच्या भिंती मेंदूतल्या केशवाहिन्यांप्रमाणेच घट्ट विणीच्या असल्यामुळे रक्तातले बरेचसे औषध बाहेरच अडते. कानात पुरेसे औषध जावे म्हणून डोस वाढवावा, तर रक्तातील साखर, रक्तदाब, झोप आणि पोट यांवर त्याचा भार पडतो.

म्हणून आपल्या भावाच्या डॉक्टरांनी दुसरी वाट धरली. पडद्यातून बारीक सुईने सुमारे अर्धा मिलिलिटर औषध मध्यकर्णात सोडतात. ते आधी अंगाच्या तापमानाइतके कोमट करून घेतात, कारण गार द्रव आत गेला की खोली गरगर फिरू लागते. मग रुग्णाला तो कान वर ठेवून वीस ते तीस मिनिटे पडून राहायला सांगतात, आणि शक्यतो गिळू नका, बोलू नका, असेही बजावतात. ही सूचना वरवर विचित्र वाटते, पण तिच्यातच सगळी अडचण सामावलेली आहे. मध्यकर्णातून घशाकडे जाणारी नलिका आपण गिळताना उघडते आणि औषध तिच्यावाटे घशात उतरते. जे उरते त्याला आतल्या कानात शिरण्यासाठी मुख्यतः एकच दार असते, ते म्हणजे ‘गोल खिडकी’. हा जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीचा पडदा असून त्याची जाडी साधारण केसाएवढी, म्हणजे सुमारे 70 मायक्रोमीटर असते. काही जणांत या खिडकीच्या तोंडावर आणखी एक पातळ पापुद्रा असतो, आणि मग तेवढीही वाट राहत नाही.

खिडकी ओलांडली तरी प्रश्न सुटत नाही. आतला द्रव दीड-दोन थेंबांहून फारसा जास्त नसतो, आणि साधे औषध त्यातून काही तासांतच निघून जाते. शिवाय ते सगळीकडे सारखे पसरत नाही. खिडकीजवळच्या पहिल्या वेढ्यात ते भरपूर मिळते आणि शंखाच्या टोकापर्यंत जाता जाता शेकडो पटींनी विरळ होते. पहिला वेढा अतिशय उंच स्वर टिपतो, तर बोलण्यातले स्वर आणि त्याहून खालच्या पट्टीतले आवाज पुढच्या वेढ्यांत टिपले जातात. म्हणजे संभाषणासाठी जिथे औषध हवे, तिथेच ते कमी पोहोचते.

नॅनोकणांची कल्पना या तिन्ही अडचणींवर बेतलेली आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या कामासाठी तपासले जाणारे कण साधारणपणे 100 ते 200 नॅनोमीटरचे असतात, म्हणजे एका तांबड्या रक्तपेशीच्या रुंदीवर असे पस्तीस-चाळीस कण सहज एका रांगेत बसतील. हे कण कधी मेदाच्या पोकळ गोळ्यांचे असतात, तर कधी शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरचे. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या विरघळणाऱ्या टाक्यांचे धागेही त्याच जातीच्या पॉलिमरचे असतात. पोटात औषध घेऊन हे कण गोल खिडकीच्या पेशींकडून आत ओढले जातात आणि औषध दिवसेंदिवस थोडे थोडे सोडत राहतात. कायटोसानसारखा चिकट पदार्थ वर चढवला की ते खिडकीला धरून राहतात. लोहाच्या ऑक्साइडचे कण बाहेरून चुंबक लावून आत ओढण्याचेही प्रयोग झालेले आहेत. कणाच्या पृष्ठभागावर योग्य रेणू जोडून त्याला ठरावीक पेशींकडेच पाठवणे ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी आशा आहे, पण अद्याप ती प्रामुख्याने प्राण्यांवरच्या प्रयोगांत आहे. गिनीपिग आणि उंदीर यांच्या गोल खिडकीचा पडदा माणसाच्या पडद्यापेक्षा कितीतरी पातळ असतो. त्यामुळे ‘उंदरांत यश’ असा मथळा वाचताना मी नेहमी ही जाडी आठवतो.

आणखी एक स्पष्टपणे सांगायला हवे. कण हे वाहन आहे, औषध नव्हे. मेनिएर विकारासाठी, म्हणजे वारंवार चक्कर आणणाऱ्या आतल्या कानाच्या आजारासाठी, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मध्यकर्णात दीर्घकाळ टिकवून ठेवणारे एक जेल तयार झाले होते. 2021 मध्ये ते शेवटच्या टप्प्यातील चाचणीत मुख्य उद्दिष्ट गाठू शकले नाही. 2023 मध्ये केशपेशी, म्हणजे कॉक्लियातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी, पुन्हा उगवतील या आशेने मध्यकर्णात दिले जाणारे दुसरे एक औषधही चाचणीत निष्प्रभ ठरले. औषध पोहोचवणे हा अर्धाच प्रश्न आहे, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते.

भावाच्या चार दिवसांविषयी आपण विचारलेले नाही, तरी इतर वाचकांसाठी लिहितो. तीन दिवसांच्या आत एका कानाची श्रवणशक्ती अशी एकाएकी खालावणे ही तातडीची बाब आहे. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. हा काळ सर्दी उतरण्याची वाट पाहण्यात घालवू नये.

प्रश्न : असे कण कानात राहून गेले किंवा मेंदूत शिरले तर?

उत्तर : शंका रास्त आहे. आतल्या कानातला द्रव एका अरुंद वाहिनीने मेंदूभोवतालच्या द्रवाशी जोडलेला असतो, म्हणून प्रयोगांत दुसरा कान आणि मेंदूही तपासावा लागतो. विरघळणारे पॉलिमर आणि मेद यांची भीती तुलनेने कमी आहे. न विरघळणाऱ्या कणांबाबत अधिक सावध राहावे लागते. धन विद्युतभार असलेले कण पेशींना चांगले चिकटतात, परंतु तोच भार जास्त झाला तर पेशींना इजा करतो.

प्रश्न : माझ्या आईचे वय 71 आहे. दहा वर्षांपासून तिचे ऐकणे कमी होत आहे. हे उपचार लवकरच येणार असतील, तर श्रवणयंत्र न घेता थांबावे का?

उत्तर : थांबू नये. माणसाच्या प्रत्येक कानात जन्मतः सुमारे 15,000 केशपेशी असतात आणि मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांत ती उगवते, आपल्यात नाही. जिवंत पेशीला वाचवणे हे औषधाला जमू शकते, गेलेली परत आणणे अजून जमलेले नाही. म्हणून या संशोधनाचा पहिला लाभ बहुधा कान अजून चांगला असलेल्यांना होईल. याचे उत्तम उदाहरण म्हणजे सिस्प्लॅटिन हे कॅन्सरवरील औषध, जे केशपेशींनाही मारते. शरीरात न पसरलेली गाठ असलेल्या लहान मुलांचे ऐकणे वाचवण्यासाठी अमेरिकेत 2022 मध्ये सोडियम थायोसल्फेटला मान्यता मिळाली. ते शिरेतून देतात, आणि कॅन्सरवरील परिणाम बोथट होऊ नये म्हणून सिस्प्लॅटिननंतर सहा तास थांबतात. संरक्षक औषध फक्त कानातच ठेवता आले, तर ही कसरत करावी लागणार नाही.

शांघायमध्ये जन्मतः बहिऱ्या असलेल्या सहा मुलांपैकी पाच जणांना जनुकोपचारानंतर ऐकू येऊ लागल्याचे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे सुमारे 25 नॅनोमीटरचा विषाणू वापरला होता, म्हणजे निसर्गाने घडवलेला नॅनोकणच. परंतु त्या मुलांच्या केशपेशी जिवंत होत्या, त्यांना फक्त एका प्रथिनाची उणीव होती. वयोमानाने आलेल्या बहिरेपणाची गोष्ट वेगळी आहे. आईंची श्रवणचाचणी करून दोन्ही कानांसाठी यंत्राचा विचार करावा. आवाज टिपण्याची सवय मोडल्यावर यंत्राशी जुळवून घेणे अधिक अवघड जाते.

प्रश्न : ‘नॅनो’ असे लिहिलेले कानाचे थेंब घेतल्यास ऐकू येण्यात फरक पडेल का?

उत्तर : नाही. बाहेरून टाकलेला थेंब शाबूत पडद्यापाशीच थांबतो. मध्यकर्णातही जात नाही, मग गोल खिडकीची गोष्टच दूर. उलट पडद्याला छिद्र असेल, तर जेंटामायसिनसारखे थेंब त्याच खिडकीतून आत झिरपून केशपेशी मारू शकतात. म्हणून कोणतेही थेंब टाकण्यापूर्वी पडदा तपासून घ्यावा.