चिंध्यांचं पोतं, तणसाची चुंबळ आणि बाण

बर्लिनच्या २०२३ च्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत बुलढाण्याचा प्रथमेश जावकर सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. मला येणाऱ्या पत्रांत ही दोन नावं हमखास असतात आणि पाठोपाठ एकच अडचण येते: धनुष्य कसंबसं जमलं, पण बाण मारायचा कशावर?

मुलगी आठवीत आहे. धनुष्य आहे १८ पौंडांचं (म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर). तयार फोमचं टार्गेट आमच्या ऐपतीत नाही. घरी काही करता येईल का? (एक आई, आर्वी तालुका)

ताई, नक्की करता येईल, आणि ते चांगलंही होईल. चिंध्यांचं पोतं करा. जुन्या साड्या, धोतरं, चादरी, बनियनं, जे असेल ते चालतं. मात्र आधी बटणं, हूक, चेन सगळं कापून काढा. चेनच्या दातावर बाण बसला की टोक वाकतं, नाहीतर बाण उलटा फिरतो.

एका वेळी वीतभर थर टाका आणि मुसळाने ठासा. पोतं भरलं असं वाटेल, पण ठासल्यावर ते निम्मं झालेलं दिसेल. पुन्हा भरा, पुन्हा ठासा. भरलेल्या पोत्यावर अंगठा जोर लावूनही नखापेक्षा खोल जायला नको. मग दाभण-सुतळीने तोंड शिवून टाका. खताचं प्लास्टिकचं पोतं एकाच उन्हाळ्यात उन्हाने भुगा होतं, म्हणून त्यावरून तागाची चुंगडी चढवा.

पहिली परीक्षा पाच मीटरवरून घ्या, कारण बाणाचा वेग जवळून सर्वांत जास्त असतो. तिथून वीतभर आत जाऊन थांबला तर १८ मीटरवरूनही थांबेल. मागून टोक डोकावलं तर चिंध्या कमी पडल्या. मुलगी मधोमधच मारणार, म्हणून तिथे महिन्याभरात पोकळी होते. पोतं अधूनमधून उलटं करा आणि वर्षातून एकदा उसवून नव्याने ठासा.

आमच्याकडे धानाचं तणस (भाताचा पेंढा) भरपूर आहे. गावातले काही म्हणतात सोयाबीनचं कुटारही (मळणीनंतरचा भुसा) चालतं. काय घेऊ? (शेतकरी, पवनी)

तणस घ्या. कुटाराला हातही लावू नका. हे मी स्वतः भोगून सांगतोय. मी शिकत होतो तेव्हा वावरातून कुटार आणून दोन पोती गच्च भरली. पहिलाच बाण पाण्यातून जावा तसा आरपार गेला आणि मागच्या कोठ्याच्या कुडात घुसला. कुडापलीकडे हातभर अंतरावर गाय बांधलेली होती. ती दचकून दावं ओढत होती, तो आवाज अजून कानात आहे. त्या संध्याकाळी मी धनुष्य पुन्हा उचललं नाही.

बाण थांबतो तो घासून. त्याच्या काठीला चारही बाजूंनी कशानेतरी धरावं लागतं. कुटाराचे तुकडे आखूड असल्याने ते बाजूला सरकून वाट देतात. तणसाच्या काड्या लांब असतात, एकमेकींत गुंतून त्या बाणाला आवळतात. तणसाचा मनगटाएवढा जाड पेंढ वळा आणि डोक्यावर घागरीखाली ठेवतात त्या चुंबळीसारखा गोल गोल गुंडाळत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला सुतळीने शिवत जा. पूर्वी धनुर्विद्येची टार्गेटं अशीच गवताची असत. एक चुंबळ पातळ पडते, म्हणून दोन-तीन एकावर एक शिवा. यंत्राने बांधलेला गठ्ठा मिळत असेल तर तोही चालेल, फक्त दोराने आणखी आवळून घ्या.

पावसात भिजलं की तणस कुजतं, म्हणून आषाढ लागायच्या आत आडोशाला न्या. उधई लागू नये म्हणून खाली दगड द्या आणि टार्गेट ज्यावर टेकवाल त्या लाकडी बल्लीच्या पायांना जळालेलं ऑइल लावा.

माझं कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं असलेलं) ५० पौंडांचं आहे. पोतं टिकेल का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, चिखली)

चांगलं ठासलेलं टिकेल, पण मधला भाग लवकर फाटेल. तुम्ही पुठ्ठ्याचं करा. भंगारवाल्याकडून खोके घ्या, पिना आणि चिकटपट्ट्या काढा, ६० सेंटिमीटर लांब आणि ४० रुंद असे तुकडे कापा. ते आडवे एकावर एक रचा. कडा तुमच्याकडे यायला हव्यात, सपाट बाजू नाही, म्हणजे बाण दोन थरांच्या मधून शिरतो. साठ सेंटिमीटर उंचीला दोनशेहून जास्त थर लागतात, तेव्हा खोके भरपूर आणा. वर-खाली जाड फळी द्या, दोन्ही बाजूंना आटे पाडलेले लोखंडी रॉड घाला आणि नट आवळत जा. सैल वाटलं की आणखी एक फेरा द्या. हेच या टार्गेटचं खरं सुख आहे.

बाण निघत नसेल तर काठीच्या पुढच्या वीतभर भागाला कोरडा साबण चोळा. ओढताना एक हात टार्गेटवर ठेवा, दुसऱ्याने बाण अगदी टार्गेटजवळ धरून सरळ ओढा. तेव्हा ओढणाऱ्याच्या मागे कुणी उभं नको, कारण नॉकची (बाणाच्या मागच्या खाचेची) बाजू थेट डोळ्यात जाते. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी कानाजवळ हलका वाकवून ऐका. कडकड आली तर तो मोडून फेका. तडकलेला बाण सुटताना फुटतो आणि त्याच्या कपच्या हातात घुसतात.

जुनं ट्रॅक्टरचं टायर वापरलं तर? (धामणगाव)

नाही. रबरावरून बाण उसळून मारणाऱ्याकडेच येतो. कडुनिंबाच्या खोडावरही नको, टोक आत अडकतं आणि झाडालाही जखम होते.

आमची सांदवाडी (घरामागची मोकळी जागा) लहान आहे, मागे पांदण आहे. काय काळजी घ्यावी? (वरूड)

तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टार्गेट कितीही चांगलं असो, शिकणाऱ्याचा बाण कधीतरी चुकतोच. पांदणीवरून माणसं, गुरं, शाळेची लेकरं जातात. त्या दिशेला तोंड करून मारूच नका. दिशा बदला आणि मागे मातीची भिंत किंवा पुरुषभर उंच मातीचा ढीग येईल असं बघा. दगडी भिंतीवर बाण फुटतो आणि उसळतो. भिंतीपुढे जुनी सतरंजी टांगा, पण ती ढिली लोंबती हवी. ताणून बांधली तर बाण फाडून जातो, ढिली असली तर तीच मागे झुकून त्याचा जोर खाते. जागाच नसेल तर पाच मीटरवरून मारा. आम्ही अनुभवी मुलांनाही हात बसवायला एवढ्या जवळून, चकती (रंगीत वर्तुळांचा कागद) न लावता, मारायला लावतो.

सर, चकती कशी काढायची आणि किती उंच लावायची? (नववीची विद्यार्थिनी, आरमोरी)

तू १८ मीटरवर सराव करत असशील तर ४० सेंटिमीटरची चकती काढ. सुतळीला पेन्सिल बांधून दहा वर्तुळं, प्रत्येक पट्टा २ सेंटिमीटरचा. मधून बाहेर दोन-दोन पट्टे असे रंगव: पिवळा, लाल, निळा, काळा, पांढरा. पिवळ्याचा मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर यायला हवा. त्यासाठी पोत्याखाली विटा रचशील, तेव्हा विटांच्या पुढे चिंध्यांचं आणखी एक लहान पोतं आडवं टाक. सुरुवातीला बाण खालीच जातात, आणि विटेवर बसलेला बाण पुन्हा वापरता येत नाही.